मास्तर नाटक करतात, असं मामांचं मत होतं

मला गाडी चालवायला मास्तरांनी शिकवली. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवली आणि उरलेले निम्मे कसे चालवतात ते आपण रोज बघतोच. चौतीस वर्षं ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये होते. चौतीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर, पायाखाली जादा ब्रेक. त्या ब्रेकची पायाला इतकी सवय झाली होती की बसमध्ये बसले, कुणाच्या घरी सोफ्यावर बसले, तरी समोरून कोणी जोरात आलं की पाय आपोआप दाबला जायचा. एकदा माझ्या दवाखान्यात आडवे झाले होते, तोंडात ड्रिल होतं, तेव्हाही पाय दाबला. आणि मी खरोखर थांबले.

ते कधी ओरडत नसत. मी एकदा समोर उभ्या असलेल्या दुधाच्या गाडीवर आमची गाडी घालायला निघाले होते. मास्तरांनी ब्रेक दाबला आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, दूध घ्यायचं असेल तर उतरून घेऊ."

मी दातांची डॉक्टर. दवाखाना रस्त्याच्या या बाजूला, मास्तरांचं घर समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. गाडी शिकायला मी गेले चाळिशी उलटल्यावर, मास्तरांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. तेव्हाची गोष्ट. एका तासात त्यांनी मला एकाच गल्लीत अकरा वेळा रिव्हर्स घ्यायला लावली. दर वेळी म्हणायचे, "चला, आता रिव्हर्स शिकू." मी भारावून गेले. एवढं मन लावून हल्ली कोण शिकवतं? महिनाभर मी प्रत्येक पेशंटला त्यांचं कौतुक सांगत होते. पेशंटच्या तोंडात माझा हात असल्यामुळे त्यांना ऐकून घ्यावंच लागायचं. नंतर एका मुलीला मास्तर शहराबाहेर घेऊन गेले आणि परतीचा रस्ता तिलाच विचारला. तिला वाटलं, परीक्षा घेतायत. तिने बरोबर आणलं, मास्तरांनी शाबासकी दिली.

म्हणजे त्यांचा आजार आम्ही सगळ्यांनी मिळून वर्षभर शिस्त म्हणून खपवला.

पुढे स्कूलच्या मालकांच्या लक्षात आलं. त्यांनी मानाने निरोप दिला, गाडीच्या चाव्या ठेवून घेतल्या. मास्तरांच्या मुलाने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, वय झालं की होतंच. माझाही चष्मा मी फ्रिजमध्ये शोधते." त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते. कारण सहा महिन्यांनी मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या करून अल्झायमर सांगितला आणि वर हेही सांगितलं, की वय सगळ्यांचं होतं, हा आजार सगळ्यांना होत नाही. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, असं म्हणाले.

घरात मास्तर, मुलगा आणि सून. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा एका छापखान्यात प्रूफं तपासतो. चूक दिसली की त्याच्या हाताला खाज सुटते. लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त बघायचा सोडून वेलांट्या बघणारा माणूस. आता अशा माणसाच्या घरात दिवसभर चुकीचं बोलणारे वडील!

"आज मंगळवार ना?"

"बाबा, गुरुवार."

"तुझी आई कुठे गेली?"

"बाबा, आई नाही. गेली. नऊ वर्षं झाली."

"माझी गाडी आली का?"

"बाबा, गाडी येणार नाही. तुम्ही रिटायर झालात."

त्याला वाटायचं, बरोबर काय ते पुन्हा पुन्हा सांगितलं की डोक्यात बसेल. डोक्यात काहीच बसत नव्हतं, मनाला मात्र दर वेळी नव्याने लागत होतं. मास्तरांचा चेहरा उतरायचा. दिवसातून सात वेळा त्यांना नोकरीवरून काढलं जात होतं आणि दोन वेळा त्यांची बायको वारत होती. माणूस चिडचिडा होणार नाही तर काय होईल?

सून चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं फिरवत "हे बरं की हे?" विचारायचं, ही तिची नोकरी. तिने घरात तेच सुरू केलं. "बाबा, अंघोळ करा" म्हटलं की मास्तर "झाली" म्हणायचे. त्याऐवजी ती दोन टॉवेल घेऊन उभी राहायची. "बाबा, निळा बरा की पांढरा?" मास्तर नीट बघून "निळा" म्हणायचे आणि निळ्याच्या मागोमाग अंघोळीला जायचे. दहातल्या सहा वेळा जमायचं. उरलेल्या चार वेळा मास्तर म्हणायचे, "दोन्ही ठेवून द्या, बघून सांगतो."

असं कसंबसं चाललं होतं आणि मामा आले.

मामा म्हणजे मुलाचे मामा, मास्तरांच्या बायकोचे धाकटे भाऊ. शाळेत परीक्षांचे पर्यवेक्षक म्हणून त्यांची हयात गेली. तीस वर्षं त्यांनी कॉपी पकडली. त्यामुळे समोरचा माणूस काहीतरी लपवतोय ही त्यांची मूळ श्रद्धा. आठ दिवसांसाठी आले, बॅग ठेवली, चहा घेतला, अर्धा तास मास्तरांकडे टक लावून बघितलं आणि सुनेला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाले, "सूनबाई, दाजी नाटक करतायत."

"काय, मामा?"

"सकाळी काय खाल्लं विचारलं, तर आठवत नाही म्हणाले. आणि मी बत्तीस वर्षांपूर्वी गाडी शिकताना पहिल्याच दिवशी तुमच्या जुन्या घराचं फाटक पाडलं, ते बरोबर आठवतंय! फाटकाचा रंगसुद्धा सांगितला. सोयीचं तेवढं आठवतं. अशी मुलं मी वर्गात शेकड्याने बघितलीयत."

"मामा, डॉक्टरांनी सांगितलंय, जुनं टिकतं, नवं राहत नाही."

"डॉक्टरांना काय कळतंय! त्यांनी कधी सुपरव्हिजन केलंय का?"

दुसऱ्या दिवसापासून मामांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. पेपर समोर धरून वरून बघायचे. दाराआड उभे राहायचे. अचानक विचारायचे, "दाजी, आत्ता कोण येऊन गेलं?" मास्तर आधी ओशाळून हसायचे, मग घाबरायचे, मग चिडायचे. मामा वहीत लिहायचे, "प्रश्न टाळला." मुलगा प्रूफवाचक असल्याने त्याने त्या वहीतलं शुद्धलेखन सुधारून दिलं, बाकी काही बोलला नाही. मामांपुढे तो लहानपणापासून गप्पच.

तिसऱ्या दिवशी मामांची कवळी नाहीशी झाली. ती मीच बनवली होती, वरची आणि खालची, त्यामुळे मला तातडीने बोलावणं आलं. मी गेले तर घरात रणकंदन. दात नसल्यामुळे मामांचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, पण सूर कळत होता. आणि मास्तर त्याहून मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा ओरडत होते, "हा माणूस चोर आहे! माझ्या गाडीच्या चाव्या घेतल्या यानं! पोलिसांना बोलवा!"

"मना तोल म्हणतात!" मामा म्हणाले. म्हणजे 'मला चोर म्हणतात'.

सून मध्ये पडली. चाव्या स्कूलच्या मालकांकडे आहेत, असं ती म्हणाली नाही. मामा चोर नाहीत, असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, "अगंबाई, चाव्या हरवल्या? मग पंचाईतच की. चला बाबा, आपण दोघं शोधू." दोघांनी मिळून घर पालथं घातलं. बुटांच्या कपाटात मास्तरांच्या उजव्या बुटात रुमालात गुंडाळलेली कवळी निघाली.

मास्तरांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि खूश होऊन म्हणाले, "बघा! मी म्हटलं होतं ना, जपून ठेवलीय."

चाव्यांचं ते विसरून गेले. मामा नाही विसरले. कवळी धुऊन, घालून, पहिलं वाक्य बोलले ते हे: "आता पुराव्यानिशी सिद्ध झालं. मुद्दाम लपवली."

"मामा, मुद्दाम लपवली असती तर सापडल्यावर एवढे खूश झाले असते का?" सुनेने विचारलं.

मामांनी थोडा विचार केला. "पुरावा अपुरा," म्हणाले आणि वही मिटली.

पण खरी डोकेदुखी दुपारी चारची होती. चार वाजले की मास्तर उठायचे, शर्ट खोचायचे आणि दाराकडे निघायचे. कोणी अडवलं तर ढकलायचे. आधी दोनदा ते दूर निघून गेले होते, म्हणून मामांनी फर्मान काढलं, "दाराला कुलूप लावा. भ्रमिष्ट माणूस, कुठेही भटकेल." मुलाने कुलूप लावलं. मास्तरांनी दार हलवून बघितलं, मग ठोकलं, मग शेजारी टांगलेली छत्री काढली आणि दारासमोर उभ्या असलेल्या मामांच्या पाठीत दोन हाणल्या.

त्या रात्रीच्या जेवणात मास्तरांनी ताटही ढकलून दिलं. मुलगा माझ्याकडे येऊन खुर्चीत बसला. पेशंटच्या खुर्चीत बसला, दुसरी नव्हती. म्हणाला, "आता ते मारायलाही लागले. हा आजार असाच असतो म्हणतात. शेवटी मारकुटा होतो माणूस. झोपेच्या गोळ्या सुरू करायच्या का, की कुठेतरी ठेवायचं?"

"जेवत का नाहीत?" मी विचारलं.

"हट्ट. मामा म्हणतात हट्ट. मी म्हणतो आजार. चार दिवस झाले, घास तोंडात घेतला की थुंकतात."

"कुठल्या बाजूने चावतात?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पान नंबर विचारलाय आणि तो छापायचा राहिलाय.

सकाळी मी आरसा आणि बॅटरी घेऊन गेले. मास्तर तोंड उघडेनात. मुलाने विनवलं, मामांनी दम दिला. मग मी त्यांच्या शेजारी, बरोबर शेजारी बसले, हातातला दातांचा आरसा दाखवला आणि म्हटलं, "मास्तर, निघण्याआधी आरसा बघायचा ना?"

"आधी आरसा, मग गाडी," मास्तर म्हणाले आणि आ केला.

डावीकडची खालची दाढ अर्धी तुटली होती, हिरडी सुजून लाल. माझ्यासारखीला त्या दाढेने एक दिवस झोपू दिलं नसतं आणि हे गृहस्थ आठवडाभर ती घेऊन हिंडत होते. दुखतंय हे कळत होतं. कुठे दुखतंय, कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, ते सापडत नव्हतं. म्हणून ताट ढकललं. म्हणून छत्री. मेंदूच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असा माणूस अचानक बिघडला की आजाराच्या नावावर ढकलू नका, आधी दुखणं शोधा, ताप, लघवीचा संसर्ग, पोट, सगळं बघा. त्यांनी औषध दिलं, दोन दिवसांनी मी दाढ काढली. मास्तरांनी खुर्चीत पाय दाबला, मी थांबले, पुन्हा सुरू केलं. संध्याकाळी ते खीर मागून जेवले, आणि आपण जेवलो हे विसरून पुन्हा जेवले.

मामा त्या दिवशी फार बोलले नाहीत. नुसतं पाठीला मलम लावून घेताना म्हणाले, "दाढ दुखत असेल तर माणूस छत्री मारतो, हे मान्य. पण चार वाजताचं काय?"

चार वाजताचं सुनेने शोधलं. शोधलं म्हणजे काय, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत गेली. किती वाजता उठतात, काय करतात. तिच्या लक्षात आलं, की मास्तर शर्ट खोचतात, कंगवा फिरवतात, खिशात पेन लावतात. भटकायला निघालेला माणूस पेन लावत नाही. चौतीस वर्षं त्यांची दुपारची पहिली शिकवणी चारला असायची. डॉक्टर म्हणाले, दिवस कलताना अशा माणसांची चलबिचल वाढते हेही खरं, पण एवढंच कारण असेल असं नाही. जाऊ द्या, फक्त एकटं सोडू नका.

"मामा," सून म्हणाली, "आज मी दार उघडणार आहे. तुम्ही त्यांच्यामागे जा. अडवू नका. काय होतं ते बघा."

"लपून?"

"हो, लपूनच."

लपून बघायचं म्हटल्यावर मामांचा चेहरा उजळला.

पुढचं मला मामांनीच सांगितलं, आणि त्यात त्यांची स्वतःचीच फजिती असल्याने मी त्यावर विश्वास ठेवते.

मास्तर जिना उतरले आणि रस्त्याच्या कडेने निघाले. वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या टायरला बुटाचं टोक लावून हवा बघितली. दोन गाड्यांचे बाजूचे आरसे नीट केले. एका गाडीत मालक बसलेला होता, त्याचाही केला. तो काच खाली करून काही बोलणार, तेवढ्यात मास्तर "आता दिसतंय?" म्हणाले आणि त्याला खरंच दिसायला लागलं. मामा खांबामागून खांबामागे पळत होते. बँकेच्या पुढे रस्त्याला चढ आहे. चढाच्या मध्यावर एक छोटी लाल गाडी बंद पडून उभी होती. आत एक तरुण मुलगी, लायसन्स मिळून चार दिवस झालेली. गाडी सुरू करायची, गाडी मागे घसरायची, ती किंचाळून ब्रेक दाबायची, गाडी बंद. मागे सात-आठ गाड्यांचे भोंगे. मास्तर सरळ गेले, शेजारचं दार उघडलं आणि आत बसले.

लपणं सोडून मामा धावले आणि मागच्या दारातून आत घुसले. मुलगी बिचारी आता दोन अनोळखी म्हाताऱ्यांसकट अडकली.

"काका, तुम्ही कोण?"

"सीटबेल्ट लावलाय?" मास्तरांनी स्वतःचा लावत विचारलं.

"हो."

"भोंगे कोणाचे आहेत?"

"मागच्या लोकांचे."

"मग ते त्यांचं बघतील. हँडब्रेक ओढा. पहिला गिअर. आता क्लच हळू सोडा, हळू, गाडी थरथरली की तिथेच थांबा. थरथरली? शाबास. आता थोडा ॲक्सिलरेटर. हँडब्रेक सोडा."

गाडी चढ चढून गेली. मामा मागे डोळे मिटून बसले होते, पण मास्तरांचा आवाज त्यांनी ऐकला. बत्तीस वर्षांपूर्वीचा, फाटकाच्या आधीचा, जशाच्या तसा आवाज. चढाच्या माथ्यावर गाडी बाजूला लागली. मुलीला रडू आणि हसू एकदम आलं. आणि मामांच्या मनात, त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं, पहिला विचार हा आला: सापडला! सगळं येतं यांना! आता घरी जाऊन सांगतो.

मग मास्तर उतरायला लागले आणि त्यांना सीटबेल्ट सोडवता येईना.

लावताना हात आपोआप गेला होता. सोडवताना काय करायचं ते सापडेना. त्यांनी पट्टा ओढला, बकल चाचपलं, काचेवर हात फिरवला, पुन्हा पट्टा ओढला. मग त्यांनी मान वळवून मागे बघितलं. मामांनी तीस वर्षं मुलांचे चेहरे बघितले होते. पकडल्या गेलेल्या मुलाचा चेहरा त्यांना ओळखू येत होता, आणि अभ्यास करूनही पेपर समोर आल्यावर काहीच न आठवणाऱ्या मुलाचाही. हा दुसरा होता.

"ही बकलं हल्ली अशीच येतात," मामा म्हणाले. "मलाही सुटत नाहीत. थांबा दाजी." आणि वाकून त्यांनी बटण दाबलं.

दोघं चालत घरी आले. वाटेत मास्तरांनी विचारलं, "आपण कोण?" मामा म्हणाले, "मी चारचा विद्यार्थी."

आठ दिवसांसाठी आलेले मामा चौदा महिने राहिले. स्कूलच्या मालकांनी अंगणात एक निकामी गाडी ठेवली होती, इंजिन काढलेली. रोज चारला मामा आणि मास्तर चालत तिथे जायचे आणि गाडीत बसायचे. शिकवणी चालायची. मात्र मास्तरांना कालचं आठवत नसल्याने रोज पहिलाच धडा. सीट पुढेमागे, आरसा, पट्टा, पाय कुठे. मामांचा पहिला धडा तीनशेच्या वर वेळा झाला असेल. दुसऱ्या धड्यापर्यंत ते कधी पोचले नाहीत. आजही मामांना गाडी येत नाही, पण आरसा त्यांच्याइतका अचूक लावणारा माणूस या भागात नाही. रोज जमायचंच असंही नव्हतं. कधी मास्तर अंगणात पोचून "मला घरी जायचंय" म्हणायचे, कधी घरात बसून "घरी जायचंय" म्हणायचे. मामा म्हणायचे, "चला, सोडतो," आणि एक चक्कर मारून परत आणायचे.

मामांची कॉपीची वही बंद झाली, स्वभाव कुठला बदलायला? आता ते उलट बाजूने तपासणी करायला लागले. मी त्यांच्या नव्या कवळीचं माप घेत होते. तोंडात मापाचा लगदा भरलेला. बाहेर एक बाई दुसरीला सांगत होती, "आमच्या सासूबाई सगळं मुद्दाम करतात हो. पाहुणे आले की अगदी शहाण्यासारख्या वागतात आणि ते गेले की सुरू." मामा खुर्चीत ताठ झाले. हातवारे करायला लागले. मी म्हटलं, तीन मिनिटं हलू नका. ती तीन मिनिटं त्यांनी कशी काढली ते मला माहीत. लगदा निघाल्यावर, अर्धा अजून हनुवटीला, ते बाहेर गेले आणि त्या बाईंना म्हणाले, "पाहुण्यांसमोर त्या जीव एकवटून धरतात हो. मग पाहुणे गेले की थकणार नाहीत का? तुम्ही नाही थकत पाहुणे गेल्यावर?" बाईंनी तासभर ऐकून घेतलं. माझे दोन पेशंट निघून गेले.

सगळ्यात अवघड गेलं ते मुलाला. चूक दिसत असताना गप्प बसणं म्हणजे त्याला उपासासारखं. पहिले काही महिने तो तोंडातल्या तोंडात दुरुस्ती करायचा. मास्तर "मंगळवार" म्हणाले की हा भिंतीकडे बघून "गुरुवार" पुटपुटायचा. हळूहळू सुटलं. "तुझी आई कुठे गेली?" याला तो "तुम्हाला तिची आठवण येते ना बाबा?" म्हणायला शिकला, आणि मास्तर मग बायकोच्या गोष्टी सांगायचे. त्यातल्या काही त्याने आधी कधीच ऐकल्या नव्हत्या.

मग एके दिवशी मास्तरांनी त्याला ओळखणं सोडलं. त्याला ते "साहेब" म्हणायला लागले. तो आला की उठून उभे राहायचे. मुलगा माझ्याकडे आला, म्हणाला, "आता जवळ बसून काय उपयोग? मी कोण तेच माहीत नाही त्यांना." मी त्याला सुनेकडे पाठवलं. ती म्हणाली, "तू कोण ते त्यांना माहीत नसेल, ते कोण ते तुला माहीत आहे ना? बस जाऊन."

तो बसला. मास्तर खुर्ची ओढून त्याच्या जवळ सरकले. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, एक विनंती होती."

मुलाच्या तेव्हा लक्षात आलं की तो लायसन्सची परीक्षा घेणारा साहेब आहे.

"आमचा मुलगा आज टेस्टला येणार आहे. दोनदा नापास झालाय. गाडी चांगली येते त्याला, मीच शिकवलंय. फक्त तुमच्यासमोर घाबरतो. फार जपून वागणारा पोरगा आहे. एक चूक झाली की आठ दिवस मनाला लावून घेतो. माझ्यावर गेलेला नाही, आईवर गेलाय. चूक झाली तर ओरडू नका, साहेब. एवढंच."

मुलगा खरोखरच दोनदा नापास झाला होता, एकोणिसाव्या वर्षी. मास्तरांचा मुलगा नापास, म्हणून भागात चेष्टा झाली होती, आणि त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नव्हता. वडिलांना आपली लाज वाटते, असं समजून पंचवीस वर्षं काढली होती.

"केला पास," तो म्हणाला.

मास्तरांनी त्याचे दोन्ही हात धरले. "फार उपकार झाले. त्याला सांगतो. जेवून जा, साहेब."

साहेब जेवले. त्यानंतर रोजच जेवायला असायचे. मास्तर त्यांना आपल्या ताटातलं वाढायचे.

आता मास्तर फारसे चालत नाहीत. चारची फेरी बंद झाली. बोलणं कमी झालंय, अंघोळीवरून अजून भांडणं होतात, निळा टॉवेल चालत नाही, पांढराही चालत नाही, सून हिरवा आणायच्या विचारात आहे. मामा आपल्या घरी गेले होते, पण करमेना म्हणून महिन्यातून पंधरा दिवस इथेच असतात. गेल्या रविवारी मी संध्याकाळी गेले तर सगळे बाल्कनीत बसले होते. मास्तरांनी माझ्या हातातलं बिस्किट घेतलं, अर्धं खाल्लं, अर्धं मुलाच्या खिशात ठेवलं आणि मामांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेले. मामांचा हात खाली दबला. पाच मिनिटांत मुंग्या आल्या, पंधरा मिनिटांत हात बधिर झाला. सून म्हणाली, "हलवा हो जरा, उशी देते." मामा हलले नाहीत. तासभर तसेच बसून राहिले आणि आमच्यापैकी जो कोणी बोलेल त्याच्यावर कुजबुजत्या आवाजात डाफरत होते, "गप्प बसा रे. वर्गात शांतता नको का?"